समोरासमोरची पानं

चार भाविक एकत्र बसले की नामस्मरण कमी आणि किस्से जास्त, हा दोष आमच्या फ्रीमाँटच्या भजनी मंडळात पुरेपूर आहे. त्यात माझी सून सानिका कॉलेजात आधुनिक फ्रेंच कला आणि साहित्य शिकवते. दर गुरुवारी आरतीनंतर तिने आम्हांला तासभर तेच सांगायला घेतलं, आणि किश्शांना धरबंध राहिला नाही!

*

पहिल्याच दिवशी तिने स्क्रीनवर एक चित्र लावलं. बाईचा एक डोळा समोर, नाक भलतीकडे. ओव्या रचणारे आमचे वसंतराव म्हणाले, "हिला दोन सुनांनी एकदम हाक मारलेली दिसते!"

त्यांच्या पत्नी कुसुमताई पूर्वी चित्रं काढत. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, देवाचे चार हात तुम्ही बिनतक्रार मान्य केलेत ना?"

वसंतरावांनी टाळ पिशवीत भरायला घेतले.

*

दुसऱ्या खेपेला एक कविता. पानभर पांढरं, मध्येच दोन शब्द, पार खाली एक.

"कागद स्वस्त होता वाटतं!" इति वसंतराव.

मी मात्र विचारात पडलो. अभंगाचा एक चरण संपून दुसरा सुरू होईपर्यंत मृदंग एकटाच चालतो. त्या जागेत माझे डोळे कितीदा भरून आले आहेत. ती जागा कागदावर लिहायची तर कशी लिहिणार?

*

मग सानिकाने आम्हांला एका ग्रंथालयात नेलं. तिथे एका फ्रेंच कवीने आणि चित्रकाराने जोडीने केलेलं पुस्तक होतं. डाव्या पानावर कविता, उजव्या पानावर चित्र. ग्रंथपालबाईंनी ते उघडताच कुसुमताईंनी सवयीने त्याला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"प्लीज, नो टचिंग!"

"सॉरी हं," कुसुमताई ओशाळल्या. "पण नमस्कार न करता पुस्तक वाचायचं कसं?"

सानिकाने ते इंग्रजीत समजावलं. पुढचं पान उलटण्याआधी ग्रंथपालबाईंनी स्वतःच हात जोडले!

*

परतताना गाडीत वसंतरावांनी हट्टच धरला. "कुसुम, आपणही असं एक करू. माझी ओवी, तुझं चित्र. एवढं एक राहिलंय बघ."

"हात कापतो माझा. दोन वर्षं ब्रश धरलेला नाही. तुमच्या ओवीत मोर आला, तर माझ्याकडून कोंबडी व्हायची!"

आम्ही हसलो. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

ड्राइव्ह करता करता सानिका म्हणाली, "काकू, त्या चित्रकाराने कवितेतलं काहीच काढलं नव्हतं. तो नुसता तिच्या शेजारी बसला."

*

मागच्या गुरुवारी वसंतरावांनी एक कोरी वही पत्नीपुढे उघडली. "आधी तू."

फार आढेवेढे घेऊन कुसुमताईंनी ब्रश काळ्या शाईत बुडवला. रेघ थरथरत निघाली, दोनदा तुटली, कशीबशी पानाच्या कडेला पोचली. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"पाहिलंत? साधी रेघ येत नाही. टाका फाडून."

वसंतरावांनी वही जवळ ओढून ती रेघ निरखली. मग त्यांनी खिशातलं पेन काढून उजव्या हातात धरलं. क्षणभर थांबले. ते डाव्या हातात घेतलं, आणि समोरच्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरात ओवी लिहू लागले.