पांढऱ्या साडीचा टॅग

मी मोताळ्यात ग्रंथपाल आहे. नोंद आणि वस्तू जुळल्या नाहीत, तर कुणाची तरी चूक असते... दुसरं कारण मी कधी मानलं नाही. म्हणूनच हे लिहायला तीन महिने लागले.

माझी धाकटी बहीण वनिता रोज मोताळ्याहून जाऊन-येऊन बुलढाण्यात एका कापड दुकानात कामाला होती. तिथं प्रत्येक कपड्याला टॅग असतो. हातातलं मशीन नुसतं जवळून फिरवलं की हवा तो कपडा कुठे आहे ते कळतं. जवळ गेलं की टिकटिक वाढते.

वनिता चार दिवसांच्या तापात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या बुद्धवंदनेच्या कार्यक्रमाआधी आई एकच सांगत राहिली, "तिनं माह्यासाठी पांढरी साडी ठेवेल हाये दुकानात. तेच नेसीन. नाही तं मी बसत नाही कार्यक्रमाले."

दुपारी दुकानात गेलो. वनिताच्या सोबतीच्या शोभाताईंनी स्क्रीन पाहिली. "तिनं पाहिलेल्या पांढऱ्या साडीतली एक शिल्लक दाखवून राह्यलं, सर." त्या साडीच्या टॅगचा नंबर त्यांनी मशीनमध्ये टाकला; मी तो सवयीनं चिठ्ठीवर लिहिला. पांढऱ्या साड्यांच्या कप्प्यात मशीन गप्पच.

"पुस्तकं तं बरी सापडतात तुम्हाले," त्या मला हसवायला म्हणाल्या.

परत फिरताना शाळेच्या गणवेशांजवळ टिकटिक सुरू झाली. गठ्ठ्यामागे कागदात गुंडाळलेली साडी होती. कागदावर वनिताच्या अक्षरात — 'माय'.

शोभाताईंनी साडी उलगडली. टॅगच्या जागी नुसता कापलेला दोरा.

"घरच्यासाठी साडी बाजूले ठेवतो तं टॅग कापूनच ठेवतो आम्ही. मशीनले सापडली तं कोनीही विकून टाकते."

"मग वाजलं काऊन?"

त्यांनी पुन्हा मशीन फिरवलं. आवाज नाही. आम्ही अख्खा कप्पा रिकामा केला. टॅग नव्हता.

आई तीच साडी नेसून वंदनेला बसली.

आठवड्यानं वनिताच्या उशाजवळचं पुस्तक उघडलं. माझ्याच ग्रंथालयातलं, अर्धं वाचलेलं. खूण म्हणून पानात टॅग ठेवला होता. चिठ्ठी काढून पाहिली — तोच नंबर. म्हणजे त्या दुपारी टॅग मोताळ्यात, आमच्या घरात होता.

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "तिनं सांगतलं होतं ना, ठेवते म्हणून," एवढंच म्हणाली.

मला अजून कारण सापडलेलं नाही. पुस्तकही मी जमा करून घेतलेलं नाही. रजिस्टरमध्ये ते वनिताकडे आहे, असंच दिसतं.