ताट कुणी उचलायचं

पंगत उठत होती. एकेक बाई आपल्या ताटाला हात लावायची, अर्धवट उठायची, की मोठ्या बाई लगबगीनं पुढं यायच्या. "राहू द्या, राहू द्या हो. मी उचलते ना." मग ती बाई "अय्या, कशाला?" म्हणायची आणि ताट सोडायची. दोघी हसायच्या. पुढची बाई. पुन्हा तेच.

माझी पाळी आली. मीही ताटाला हात लावला. अर्धवट उठले. तशीच वाकून थांबले. वाट बघत.

"तुमचं तेवढं मागच्या नळावर न्या," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज अगदी गोड. "आणि विसळूनच ठेवा, बरं का."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दिवाळीची सुट्टी संपली की सगळ्या शिक्षिकांना त्यांच्या घरी जेवण. तेव्हा गारखेड्यात घरं कमी, मोकळं रान जास्त. त्यांचं घर नवं कोरं. मी नोकरीला नवी कोरी. आमच्या समाजातली त्या शाळेतली मी एकटीच.

मी काय केलं? गेले की नळावर. विसळून ठेवा म्हणाल्या होत्या, मी चांगलं राखेनं घासलं. एकदा नाही, दोनदा. आणि परत येऊन विचारलं काय, तर "कुठं पालथं घालू?"

आज त्या पोरीची आठवण आली की वाटतं, जाऊन तिच्या पाठीत एक धपाटा घालावा.

कारण त्या जेवणासाठी या बयेनं आठवडाभर तालीम केली होती. मीठ ताटात कुठं, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. भातावर तूप पडेपर्यंत हात लावायचा नाही. कढीचा भुरका मारायचा नाही. नवरा समोर बसून हसायचा. "अगं, जेवायला चाललीस का परीक्षेला?" मी त्यालाच दटावायची. "तुम्हाला काय कळतंय? वळण असतं एकेका घरचं."

वळण. ह्या शब्दानं माझी मती खाल्ली.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. कुणी सांगायच्या आतच ताट उचलून नळावर पळाले. म्हणजे तो गोड आवाज ऐकायला नको. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, किती वळण आहे यांना." आणि मी लाजले! नव्या नवरीसारखी. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बाईंनी माझं कौतुक केलं. तो उठून बाहेर गेला.

मनाला मी बाबांचा दाखला द्यायची. माझे बाबा दौलताबादकडचे. दीक्षा घेऊन आले आणि घरात एकच कायदा केला: ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं. "आपल्या लोकांनी लई पिढ्या दुसऱ्याचं उष्टं उचललं. आता ह्या घरात कुणी कुणाचं उचलायचं नाय." स्वतःचं ताट स्वतः घासायचे. गावातले पुरुष हसायचे, बाबा घासायचे. मी म्हणायची, मग मी वेगळं काय करतेय? बाबांचाच कायदा पाळतेय.

लबाड कुठली. बाबांच्या घरी सगळे उचलायचे. इथं मी एकटी.

खरं सांगू? मला त्या बायकांचा हेवा वाटायचा. त्यांच्या साड्यांचा नाही, सोन्याचा नाही. त्या दोन शब्दांचा. "राहू द्या." एक कालची आलेली पोरगी, अजून फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नव्हती, तिला सुद्धा मोठ्या बाई "राहू द्या हो" म्हणाल्या. तिनं ते ऐकलं पण नाही, शेजारणीशी बोलत होती. आणि इकडं मी मनात म्हणत होते, अगं, तुला नको असले तर मला दे ना ते शब्द.

हेवा रेहानाचाही वाटायचा. रेहाना आमच्याच शाळेत उर्दू शिकवायची, घर शहागंजला. मोठ्या बाईंकडं जेवण असलं की हिचा रोजा. रमजान नसताना कसला गं रोजा? मी विचारलं तर डोळे मिचकावून म्हणाली, "नफिल. मर्जी का रोजा." मी जळायची. हिच्याकडं न जाण्याची केवढी इज्जतदार सबब! आमच्याकडं काय होतं? भूक.

एका ईदेला तिनं मला घरी बोलावलं. खाली दस्तरखान अंथरलेला, सगळे एकत्र बसलेले. मला वाटलं होतं, इथली रीत वेगळी, काहीतरी चुकणार. मीठ कुठं ते पण कळेना. जेवण झालं आणि सवयीनं मी ताट घेऊन उठले. नळ शोधायला लागले.

रेहानाची सासू किंचाळलीच. "अगे बेटी, ये क्या कर रई? बैठ, बैठ! मेहमान बर्तन उठाया तो हमारी क्या इज्जत रई?"

"राहू द्या अम्मी, मला सवय आहे."

"आदत? कायकी आदत?" म्हातारीनं माझ्या हातातून ताट ओढून घेतलं. तस्त आणि लोटा आणला आणि माझ्या हातावर स्वतः पाणी ओतलं. गुडघ्यावर एक हात टेकून, कण्हत कण्हत.

तुम्हाला वाटेल माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाही आलं. मला राग आला. रेहानाचा. ही रोज ह्या घरात राहते, हिला ह्याची किंमत तरी आहे का? वाटलं, हिची सासू पळवून न्यावी. एवढा मत्सर मी कधी कुणाचा केला नाही.

रेहाना दारात उभी होती, ताटांचा ढीग घेऊन. मी खवचटपणानं विचारलं, "आणि तुझं ताट कोण उचलतं गं?"

"मेरा? मैं बैठती कब, वो बोल," ती म्हणाली आणि आत गेली.

ते डोक्यात राहिलं. मान मिळायचा तर कुणाची तरी कंबर मोडूनच मिळायचा, इथं पण. तरी "कायकी आदत?" हे म्हातारीचं विचारणं काही कानातून जाईना. सवय कसली ते मला माहीत होतं. तिला नव्हतं. ते माहीत नसण्याचाही हेवाच वाटला.

त्या वर्षी मोठ्या बाईंकडं गेले. जेवले. कढीचा मस्त भुरका मारला. आणि बसून राहिले.

ताटं उचलली गेली. पलीकडचं गेलं, अलीकडचं गेलं. हात वाळला. बडीशेप फिरायला लागली.

"अहो, उठा ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"उठते की. ताट उचला, मग उठते."

कुणीतरी म्हणालं, "एवढंसं तर ताट, त्यात काय!"

"एवढंसंच आहे. म्हणून तर म्हणते, उचला."

मोठ्या बाई हसल्या. हसतच आत हाक मारली, "सुमन, ते कोपऱ्यातलं ताट घे गं."

सुमन त्यांच्याकडं धुणीभांडी करायची. आमच्याच वस्तीतली, आमच्याच समाजाची. ओले हात पदराला पुसत आली, वाकली. हळूच म्हणाली, "द्या बाई."

मी दोन्ही हातांनी ताट दाबून धरलं.

"तू नाय, सुमन."

"बाई, द्या ना. माझ्यावर येईल."

"तुझा संबंध नाय. तू सरक." मग मी मोठ्या बाईंकडं बघितलं. पहिल्यांदाच सरळ बघितलं असेल. "सगळ्यांची तुम्ही उचलली. माझं पण तुम्हीच. हिच्या हातानं नाय, माझ्या हातानं नाय. जमत नसंल तर राहू द्या तिथंच."

त्यांनी उचललं नाही. मी ताट तिथंच ठेवून उठले आणि खरकट्या हातानं रिक्षात बसले.

पुढं मला शाळेतला सगळ्यात वांड वर्ग मिळाला. जेवणाचं बोलावणं बंद झालं. सुमनचं काम टिकलं, पण रस्त्यात भेटली की ती मान फिरवायची. लई दिवस. तिचंही बरोबरच होतं. मी उठून गेले, तिला मागं तिथंच भांडी घासायची होती.

आता माझी नात जर्मनीत शिकते. फोनवर तिकडचे रीतिरिवाज सांगते. तिच्या मैत्रिणीच्या घरी जेवायला गेली तर जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापलं ताट उचललं, हिनं पण. मैत्रिणीच्या आईनं थँक्यू म्हटलं.

"आणि त्या आईचं?" मी विचारलं.

"तिचं तिनंच. आजी, ताट आहे ते फक्त!"

ताट आहे ते फक्त. कसं सहज म्हणाली. नातीवर जळणारी आजी पाहिलीत का कधी? ही बघा.

मागच्या आठवड्यात मोठ्या बाईंच्या सुनेचा फोन आला. सासूबाई फार थकल्यात, शाळेतल्या जुन्या शिक्षिकांची आठवण काढतात, सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तुम्हीही या. मी विचारलं, "माझं ताट कोण उचलणार?" ती गोंधळली. तिला काही ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आमच्याकडे बाई आहे ना कामाला."

"मग नाय यायची," मी म्हणाले. "तुमच्या सासूबाईंना विचारा आणि मला कळवा."

नात म्हणते, "आजी, आता सोड. त्यांचं वय बघ." वय माझंही झालंय, बाळा. त्यांना आठवण माझी येते, त्या ताटाची नाही. त्यांना विसरता येतं, याचाही मला हेवा वाटतो.

उत्तर आलेलं नाही. हात थरथरत असतील त्यांचे, तर मी ताट दुसऱ्या बाजूनं धरीन. पण पहिला हात त्यांचा लागला पाहिजे. नसेल लागायचा, तर आजारी आहेत म्हणून जाणार नाही, गेल्या तर शेवटचं बघायलाही जाणार नाही.