काकूंचे दहा सेकंद

पाटणकरकाका जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे आणि मी खाली, माझ्या दारात. नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टमधल्या आमच्या दोन घरांना जिना एकच, शिडीसारखा उभा. वरच्या मुग्धाकडे तिचे बाबा मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले होते, आणि कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. दीड मीटरचं अंतर पाळायला तो जिना बरा पडायचा. गप्पांना बसले की काका आधी अर्धं मिनिट बोलायचेच नाहीत. मी तोंड उघडलं की हात वर करून म्हणायचे, "थांब रे. आधी सूर भरू दे." चहा गाळायची घाई केली तरी हेच वाक्य.

काकांना एक यमन ऐकायचा होता. मिरजेतल्या जुन्या मैफलीची कॅसेट होती ती, आणि गवयाच्या मागे तानपुऱ्यावर होत्या काकू. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. "बुवांनी षड्ज लावायच्या आधी थोडा वेळ नुसता तानपुरा वाजतो," काका म्हणाले. "तेवढा वेळ ती एकटी असते. मग बुवा येतात." कॅसेट मिरजेच्या कपाटात राहिली होती. "हल्ली सगळं फोनवर मिळतं म्हणे. कुठलं अ‍ॅप घ्यायचं, तू सांग. तू कॉम्प्युटरवाला."

मग काय, मला चेव आला. सहा अ‍ॅपं, एक्सेल शीट, आवाजाच्या दर्जाला रकाना, जुन्या रेकॉर्डिंगना रकाना. तीन आठवडे गेले. काका वरून विचारायचे, "ठरलं का रे, समीर?" आणि मी म्हणायचो, "काका, अजून दोन ट्रायल बाकी आहेत." त्यांची अट एकच होती: साथीला कोण आहे, ते लिहिलेलं असावं. तसं कुणीच लिहीत नव्हतं. "गवयाचं नाव आहे, रागाचं आहे," काका हसून म्हणाले. "मागे बसलेल्यांना नावच नाही."

तो यमन दोन अ‍ॅपांत सापडला. त्यातलं ज्याचा आवाज स्वच्छ, ते मी निवडलं. यमन आहे एवढं पाहिलं, ऐकला मात्र नाही. मुग्धाच्या जुन्या टॅबवर काकांसाठी आठ रेकॉर्डिंगची यादी करून दिली, यमन तिसरा. बजावलं, "काका, फक्त हे एक बटण दाबायचं. बाकी कुठे बोट लावायचं नाही."

काकांनी कुठेच बोट लावलं नाही. रोज संध्याकाळी पहिल्यापासून यादी लावायचे आणि यमनची वाट बघत बसायचे. आठवड्याने म्हणाले, "समीर, सुरुवातीचा तानपुरा काही येत नाही रे. आधीचं गाणं संपतंय तोवर बुवा सुरूच झालेले असतात."

मी मीटिंगमध्ये होतो, कानाला हेडफोन. "रेकॉर्डिंगच तसं असेल, काका. कापलं असेल कंपनीने."

"असेल," काका म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात काका इथेच गेले. महिन्याभराने मुग्धा टॅब घेऊन खाली आली. "आईचा तानपुरा तेवढा राहून गेला, असं बाबा सारखं म्हणायचे. जरा बघतोस?"

मी सेटिंग उघडलं. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळावं, मध्ये शांतता नको, असं बटण असतं. ते मीच लावलं होतं, पार्ट्यांना लावतो तसं, बारा सेकंदांवर. ते बंद केलं आणि यमन लावला. तानपुरा आला. दहा सेकंद, एकटा. मुग्धाने तोंडावर हात धरला.

"आता कसं आलं हे?" तिने विचारलं.

"अपडेट आलं असेल," मी म्हणालो.

ती माझे आभार मानून वर गेली. त्यानंतर ती जिन्यात भेटली की मी मुद्दाम सायकलच्या कुलपाशी खटपट करत बसतो. आज हे लिहायला घेतलं ते काकांची ओळख करून द्यायला, पण खरं तर एका वाक्यासाठी. मुग्धा, ते अपडेट नव्हतं. तुझी आई पहिल्या दिवसापासून तिथेच होती.