एल्माच्या वावरातला हिरवा पट्टा

लव्हर्न युन्रू गव्हातून चालायचा तो हातातलं यंत्र पुढं धरून, खाली काही हरवलंय आणि ते बॅटरीच्या उजेडात हुडकतोय असा. पश्चिम ओक्लाहोमाच्या त्या शिवारात त्याच्या आकड्याशिवाय कुणी खताचं पोतं फोडत नसे. पेरणीलाच वावरात एक पट्टा युरिया देऊन पोटभर ठेवायचा; थंडी ओसरली की यंत्रानं त्याचा हिरवेपणा बाकीच्या पिकाशी ताडून बघायचा. पट्टा पुढं निघाला तर रान उपाशी. दोन्ही सारखंच निघालं तर खत नको. "घाई करू नगा, गव्हाला आधी जागं हू द्या," हे लव्हर्नचं पालुपद. शेतकऱ्यांच्या सहकारी धान्यकोठारावर नोकरी करता करता त्याचे केस पिकले, पण पालुपद बदललं नाही.

आणि एल्माच्या वावरात त्यानंच घाई केली.

एल्मा रात्झलाफ म्हणजे त्याच्या वारलेल्या मावसभावाची बायको. थंडीत कोवळ्या गव्हावर चरायला सोडलेली ढोरं तिनं नुकतीच बाहेर काढली होती. वारा हाडात शिरत होता. तिनं बांधावर गरम कॉफी आणि एकावर एक गोळा ठेवून भाजलेला दुमजली पाव आणून दिला.

"आलाच हाईस तर मोजून टाक की," ती म्हणाली.

ढोरं गोड पाला आधी खातात. सगळ्यात जास्त ती त्या पट्ट्यावरच तुटून पडली होती. तो बाकीच्या रानाइतकाच खुरटा झाला होता. तो फुटून वर येईस्तोवर थांबायला हवं, हे लव्हर्ननं अख्ख्या शिवाराला शिकवलेलं. पण समोर वहिनी आशेनं बघत उभी. त्यानं यंत्र फिरवलं. आकडे सारखे आले.

"जमिनीत पुरेसं हाय, वहिनी. खत नगं."

"तू म्हंतोस तर नगं."

मार्च सरत आला आणि एका रविवारी चर्चला जाताना लव्हर्नचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रस्त्यालगतचं एल्माचं वावर फिकुटलं होतं आणि त्याच्या मधोमध तो पट्टा गडद हिरवागार उभा होता. गहू कांडी धरत होता. अजून खत लागू पडलं असतं. आजच सांगायचं, असं ठरवूनच तो चर्चमध्ये शिरला.

प्रार्थनेनंतर जेवणाच्या टेबलाशी ओर्विल जांत्झनं त्याला गाठलं. "काय रं लव्हर्न, वहिनीच्या वावराला हिरवा नाडा बांधलास व्हय?"

सगळे खो खो हसले. एल्मा तिथंच होती. "त्याला कशापायी बोलता? म्याच ढोरं लई दिस ठिवली. भोग माझ्या आळसाचा."

लव्हर्ननं तोंड उघडलं, आणि त्यात केकचा घास कोंबला.

उद्या सांगू म्हणता म्हणता तो कोठारावर जायला लांबचा रस्ता धरू लागला. गहू पोटरीत आला, ओंब्या डोकावल्या, तेव्हा कुठं तो एल्माच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. ती बटाटे सोलत होती.

"वहिनी, ढोरांचा दोष न्हाई. म्या चुकीच्या येळंला मोजलं."

तिचा हात थांबला. "तुला कवा कळलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. "ओर्विल बोलला त्या दिशी. त्याच्या आधीच, गाडीतनं."

"तवा टाकलं असतं तर?"

"लागू झालं असतं."

"आन् आता?"

"गेलं त्ये."

तिनं हातातला बटाटा पाण्यात टाकला. "मोजायला चुकलास, त्ये म्या इसरले असते. पर समद्यांम्होरं म्या सोताला बोल लावत हुते, तवा तू केक खात हुतास, लव्हर्न."

तिनं दुसरा बटाटा उचलला.

"दाणा काय भरायचा न्हाई. वैरण कर त्याची. तूच काप," ती म्हणाली. "बुधवारी सांजच्याला, समदी ह्याच रस्त्यानं प्रार्थनेला जात्यात तवा."

बुधवारी त्यानं कापणीचं यंत्र रानात घातलं. रस्त्यावरून गाड्या जाऊ लागल्या, नेहमीसारखे हात वर होऊ लागले. ओर्विलनं गाडी थांबवून काच खाली केली.

"आरं, ओला गहू कापतोस? येडा झालास काय?"

आवाजात शब्द बुडाले असते. लव्हर्ननं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि कुंपणापर्यंत चालत गेला.

"म्या चुकीच्या येळंला मोजलं, ओर्विल. मला ठावं हुतं, तरी म्या गप बसलो. वहिनीचं काय बी चुकलेलं न्हाई."

ओर्विलच्या मागं दुसरी गाडी येऊन थांबली, काच खाली झाली. लव्हर्ननं टोपी काढली आणि तेच पुन्हा सांगायला सुरुवात केली.