‘थंड चहा’ची आठ गाणी

आमच्या बँडने आयुष्यात आठच गाणी केली. किस्से किती झाले ते कोणी मोजलं नाही. उज्जैनच्या टावर चौकात जुना मित्र भेटला की म्हणतो, “नंदू, वो गद्देवाला सुना यार!” गाणं ऐकव, असं अजून कोणी म्हटलेलं नाही. मी आपला किस्सा ऐकवतो, लोक पोट धरून हसतात, आणि मध्येच एखाद्याला आठवतं की ह्यातला एक जण आता नाही. मग तो चहाचा ग्लास खाली ठेवतो. पण आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचे किस्सेच नाहीत, त्याला मी काय करू?

आधी माणसं सांगतो. मेधा गाणारी, फ्रीगंजमधल्या एका बँकेत काउंटरला. गोलू गिटारवर, त्याच्या काकांचं टेंट हाऊस. मी कीबोर्डवर, शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून रेकॉर्डिंगही माझ्याच गळ्यात. आणि ड्रमवर शिरीष.

शिरीषच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. हात चालतात तोवर अल्बम पुरा करायचा, एवढंच त्याला हवं होतं. अल्बमचं नावही त्यानेच ठेवलं, ‘थंड चहा’. त्याला दिवसाला मोजून पाणी असायचं आणि त्याच्या वाटचा कपभर चहा तो पुरवून पुरवून प्यायचा.

*

आम्ही न्यू वेव्ह वाजवायचो. शिरीषच्या मावशीने एकदा विचारलं, “म्हणजे रे काय?”

शिरीष म्हणाला, “मावशी, ड्रम मशीनसारखे सरळ वाजवायचे, आणि गाणाऱ्याने कितीही दुःख झालं तरी रडायचं नाही.”

मावशींनी एकदा शिरीषकडे पाहिलं, एकदा त्याच्या वडिलांकडे. शिरीषची आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, घरात हे दोघंच.

“मग तुमच्या घरात दुसरं काय चालतं!” त्या म्हणाल्या.

*

शिरीषचे वडील म्हणजे अप्पा. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. आमचा स्टुडिओ त्यांच्याच वरच्या खोलीत. खाली अप्पा खुर्चीत बसून ऐकायचे. ऐकायचे म्हणजे काय, न ऐकून जातील कुठे?

शिरीषला एक खोड होती. चौथा ठोका तो केसभर उशिरा द्यायचा. दहावीपासूनची सवय. गाणं आपलं चाललंय, चाललंय, आणि चौथ्याला जरासं थांबून मग धप्प! आम्हाला सवय झाली होती, पण अप्पांनी पस्तीस वर्षं गाड्या सोडलेल्या. प्रॅक्टिस संपवून आम्ही खाली उतरलो की घड्याळ बघून म्हणायचे, “आज गाडी लेट.”

रोज! एक दिवस सोडला नाही. शिरीष वरून हसायचा, पण त्याला ते लागायचं, हे मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी किडनी द्यायला घरातलं कोणी आहे का विचारलं, तेव्हा अप्पांनी स्वतःच शर्टाची बाही वर केली. तपासण्या झाल्या. शुगरमुळे डॉक्टर नाही म्हणाले. अप्पा आठ दिवस तो रिपोर्ट परत परत काढून बघत राहिले. शेवटी शिरीषच म्हणाला, “अप्पा, बरंच झालं. तुमची किडनी टाइमावर चालली असती, मला ते झेपलं नसतं!”

अप्पा उठून आत गेले. बराच वेळ नळ चालू होता.

*

आता तो गाद्यांचा किस्सा. खोलीत आवाज घुमू नये म्हणून गोलूने टेंट हाऊसमधून चोवीस गाद्या आणल्या आणि चिकटपट्टीने चारी भिंतींना लावल्या. स्टुडिओ एकदम झकास! अडचण एकच. आमच्या उज्जैनात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना होतो, लोक येऊन बसतात, आणि त्यांना बसायला टेंट हाऊसच्या गाद्या लागतात.

मेधा डोळे मिटून गातेय, सूर लागलाय, आणि गोलूचा फोन थरथरतो. काकांचा. “गोलू, गद्दे भेज. फलाने का उठावना है.” लगेच लोडिंग रिक्षावाला खाली हजर. आम्ही भिंती सोलायचो, गाद्या खाली द्यायचो आणि उघड्या खोलीत बसून राहायचो. गाद्या दुसऱ्या दिवशी परत यायच्या, त्यांना उदबत्तीचा वास असायचा.

शेवटी शेवटी रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी मेधा गोलूला विचारायची, “आज कोई गया तो नहीं ना?”

गोलू छातीवर हात ठेवून सांगायचा, “अभी तक तो सब ज़िंदा हैं, दीदी. फटाफट गा लो!”

*

तिसऱ्या गाण्याची चाल डायलिसिसच्या मशीनची आहे. शिरीष पलंगावर, मी शेजारी स्टुलावर. मशीन कशावरून तरी बीप करायला लागलं आणि हा पायाने ठेका धरायला लागला. नर्स ओरडली, “भैया, पैर मत हिलाओ, नली हिल रही है!”

तिने बीप बंद करायच्या आत मी फोनवर ते रेकॉर्ड केलं. शिरीष म्हणाला, “परत लाव ना यार, स्पीड बघू.” मी अक्कलशून्य, फुल आवाजात लावलं!

दोन नर्सेस आणि एक डॉक्टर धावत आले. सहाही मशीनी तपासल्या. पलीकडच्या पलंगावरचे एक आजोबा राम राम म्हणायला लागले. आम्ही कबूल केल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. दारातून मी ऐकलं, आजोबा शिरीषला विचारत होते, “क्यों बेटा, गया कौन?”

“कोई नहीं बाबा,” शिरीष म्हणाला, “प्रॅक्टिस चल रही है.”

*

सहाव्या गाण्याला त्याच्या डाव्या हातातून काठी पडली. नळी लावायचा हात तोच, सुजलेला. त्याने काठी उचलली, परत पडली. मेधा आणि गोलू चहाला म्हणून खाली गेले. शिरीष मला म्हणाला, “नंदू, कॉम्प्युटरवर ठोके सरळ करता येतात ना?”

“येतात.”

“मग सगळे कर. अप्पांना कळायला नको की हात गेला.”

कामाचा मी पक्का. एकेक ठोका उचलायचा आणि स्क्रीनवरच्या रेघेवर ठेवायचा, उशिरा आलेला चौथा ठोकासुद्धा. मूळचं पुसून टाकायचं, कारण माझ्या लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. अशी सात गाणी मी सरळ केली. ऐकून शिरीष म्हणाला, “अरे वा, मी तर एकदम भारी वाजवतो रे!”

आठवं गाणं मंगळवारी झालं, काठी हाताला चिकटपट्टीने बांधून. शनिवारी तो गेला.

*

सोमवारी लोडिंग रिक्षावाला आला. कोण गेलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही भिंती सोलल्या, गाद्या दारात रचल्या. त्याने नेहमीसारखं विचारलं, “कहाँ पहुँचाना है, भिया?”

गोलू म्हणाला, “नीचे.”

*

महिन्याभराने अल्बम आला. आठवं गाणं मी सरळ केलं नव्हतं. फाइल उघडायला जायचो आणि हात मागे यायचा. मेधा म्हणाली, “राहू दे तसंच. शेवटी टाक. तिथवर ऐकतंय कोण?”

इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. अध्यक्षांनी शिरीषला ‘गुणी तबलावादक’ म्हटलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. बसा म्हणायचं ते विसरले. आमच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला कीबोर्डची नुसती लांब गुणगुण आहे. गोलूला वाटलं दोन मिनिटं झाली, त्याने गाणं लावलं. लोकांना वाटलं हेही श्रद्धांजलीतलंच. साठ माणसं हात बांधून, माना खाली घालून साडेचार मिनिटं अख्खं गाणं उभ्याने ऐकत राहिली!

मेधा माझ्या कानात म्हणाली, “शिरीष असता तर आज हसून हसून मेला असता.” आणि मग तीच तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली.

*

अप्पा हॉलवर आले नव्हते. मला निरोप आला, “गर्दी नको. तू घरी येऊन ऐकव.”

रविवारी सकाळी गेलो. टेबलावर लॅपटॉप ठेवला, स्पीकर जोडला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या खुर्चीत. पहिलं गाणं संपलं. त्यांनी विचारलं, “ड्रमवर कोण आहे?”

“शिरीष, अप्पा.”

“शिरीष नाही हा. हा टाइमावर आहे.”

काय सांगणार होतो? त्याच्याच सांगण्यावरून मी त्याला पुसून काढला, सात वेळा, मन लावून, हे कसं सांगू? ते म्हणाले, “चालू दे. मुलांनी मेहनत केलीय.” दुसरं झालं, तिसरं झालं. पाहुण्यांकडचं बेचव जेवण माणूस जसं जेवतो, तसे ते ऐकत होते. सातवं संपल्यावर खुर्चीच्या हातावर हात टेकून उठायला लागले.

“अजून एक आहे, अप्पा.”

आठवं सुरू झालं. एक, दोन, तीन. मग जरासं थांबून, धप्प!

अप्पा अर्धवट उठले होते, तसेच थांबले. पुढचे चार ठोके ऐकले, मग त्याच्या पुढचे चार. मग सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“आला बघ,” ते म्हणाले. “लेट आहे. पण आला.”