थोरलीला दिवस गेले तेव्हा

काकूंचा संसार दोन ठिकाणी. एक गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर: नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं. दुसरा प्राणिसंग्रहालयात, लेमुरांच्या पिंजऱ्यात. लेमूर म्हणजे माकडाचा लांबचा चुलतभाऊ. मांजराएवढा देह, कोल्ह्यासारखं तोंड, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. गल्लीने त्यांचं नाव माकडकाकू ठेवलं ते उगीच नाही, आणि त्या चिडतात म्हटल्यावर ते कोण कशाला बदलतंय!

लेमुरांत बायकांचं राज्य. मादी आधी खाणार, उन्हाची जागा तीच धरणार, नर मधे आलाच तर थोबाडीत खाणार. काका निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून चहाची वाट बघत बसतात. काकू म्हणत, "महिनाभर तिकडे ठेवते तुम्हाला, सुतासारखे सरळ व्हाल."

"चहा मिळत असेल तर आत्ता येतो," काका म्हणत.

पण हल्ली काकूंना चेष्टेचाही शीण यायचा. सकाळी नातवंडांचे डबे, मग पिंजऱ्यातली झाडलोट, गाजरं-रताळी चिरणं, संध्याकाळी पुन्हा नातवंडांचा अभ्यास. गुडघे जिना चढताना कुरकुरत आणि उतरताना सरळ भांडत. यंदा काम सोडायचंच, असं त्यांनी प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर घातलं होतं.

पिंजऱ्यात त्यांचं सूत जुळलं होतं ते थोरलीशी. ती कळपाची मालकीण. वय इतकं, की रानात असती तर तिचं कधीच आटोपलं असतं. डोळ्यांवर पडदे आलेले, कंबर बसलेली, उडी मारायच्या आधी विचार करायची. तरी तिच्याआधी गाजराला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

लेमूर मादीचा गाभण राहायचा मोसम भारी आखूड. वर्षाकाठी जेमतेम एखादा दिवस, तोही पुरता नाही. पिंजऱ्यात आधीच दाटी, म्हणून मोसमाआधी तिथला डॉक्टर सगळ्या माद्यांना पिल्लं न होण्याची सुई टोचायचा. यंदा थोरलीचा नंबर आला तशा काकू आडव्या आल्या.

"तिला नको रे. धरलं की केवढ्या धापा टाकते. या वयात तिला काय मूल होतंय?"

डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचा. "नक्की ना, काकू?"

"अरे, म्हातारी झाली ती. सुटली एकदाची या रामरगाड्यातून."

डॉक्टरने सुई ठेवून दिली. काही महिन्यांनी त्याने थोरलीचं पोट चाचपलं आणि चेहरा पाडला. "काकू, म्हातारीला दिवस गेलेत. यांचं बाईमाणसासारखं बंद होत नाही. अंग थकतं, कूस थांबत नाही. मलाही तेव्हा सुचायला हवं होतं."

काकू मटकन बादलीवर बसल्या.

गल्लीला कळायला दुपार लागली नाही. डोहाळे काय पुरवता, नवरदेव कोणाकडचा, सगळं विचारून झालं. काकू हसेनात, तेव्हा कुठे आमची तोंडं मिटली.

पिल्लू झालं. एकच, मुठीत मावेल एवढं, आईच्या पोटाला घट्ट बिलगलेलं. पण थोरलीला दूध पुरेना. एरवी तिच्या लेकींपैकी कुणी ओली असती तर तिने पाजलं असतं. लेमूर बायका त्या बाबतीत दिलदार. यंदा बाकी सगळ्यांना सुया. अख्ख्या कळपात दुधाचा थेंब नाही.

"पिल्लू काढून बाटलीवर वाढवू," डॉक्टर म्हणाला. "पण मग कळप त्याला आपलं म्हणेलच असं नाही. नाहीतर आईच्या पोटावरच ठेवून वरचं दूध पाजायचं, थेंब थेंब, दिवसातून कितीदा तरी. पण थोरली जवळ येऊ देणार कुणाला? तुम्ही तर चाललात."

काकूंनी पिंजऱ्याला कडी घातली. घरी जाऊन भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अजून काही महिने जावं लागेल मला."

"किती?" काकांनी विचारलं.

"पिल्लू आपलं आपण खायला लागेपर्यंत."

"आणि गुडघे?"

"ते येतील बरोबर. जातात कुठे! अहो, मी दमले होते, म्हणून तीही दमून सुटली असं धरून चालले. तिला विचारलं होतं का कुणी?"

काका खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "पोरांचे डबे मी भरतो. भाजीत मीठ किती, तेवढं दाखवून ठेव."

पहिल्या दिवशी थोरलीने काकूंच्या हातावर सणसणीत चापट मारली. दूध जमिनीवर सांडलं. काकूंनी फडक्याने पुसलं, पुन्हा दुधाची नळी भरली, पुन्हा हात पुढे केला. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी थोरली थकली, की तिने काकूंचं मन ओळखलं, देव जाणे. तिने हात आवरला. पिल्लाने नळीचं टोक धरलं. थोरली काकूंच्या मांडीला रेलली, डोळे मिटले, आणि मधूनच फणीसारख्या खालच्या दातांनी त्यांचं मनगट विंचरू लागली, कळपातल्या एखादीला विंचरावं तसं.

काकूंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. हात आखडला होता. पिल्लू अजून पीत होतं, म्हणून त्या हलल्या नाहीत.