बोट वर केल्याशिवाय वाढणार नाही

रोमन काळी कापुआ शहरातल्या ग्लॅडिएटरांच्या तालमीत वस्तादापेक्षा स्वयंपाकीण हिलाराचा दरारा मोठा. वस्ताद लाकडी तलवारीने बडवायचा, ही पळीने. एवढे दांडगे जेवायला बसले की नुसता गलका! म्हणून तिचा नियम होता: ओरडायचं नाही, हवं त्याने बोट वर करायचं. ती पातेलं घेऊन गरजायची, "अजून कुणाला?" की पेजेसाठी भराभर बोटं वर.

थ्रेसहून आलेला दिझाला मात्र हट्टी. रिंगणात हरलेला बोट वर करून जीवदान मागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा पहिल्याच दिवशी छाती काढून म्हणाला, "मेलो तरी बोट वर करायचो नाही!"

"रिंगणातलं रिंगणात बघ. इथे बोट नाही, तर पेज नाही."

"पाप लागेल, मावशे."

"लागू दे. बस उपाशी!"

पोटापुढे कुणाचं चाललंय? ताठा लवकरच उतरला. पुढे पुढे तर तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं बोट वर असायचं. हिलाराला मूलबाळ नव्हतं. जीव लावायला हे गाढव सापडलं, आणि ती त्याला खालची घट्ट पेज वाढू लागली.

मग रिंगणातले खेळ आले. बायकांना जागा अगदी वरच्या पायरीवर, तिथून हिलारा बघत होती. दिझाला लढला झकास, पण ढाल गेली आणि तो वाळूत आडवा झाला. मानेवर तलवार. खालून वस्ताद घसा फोडत होता, "बोट वर कर, गाढवा!" पण याने डोळे मिटले आणि मुठी आवळल्या. मेला खरंच मरणार होता!

हिलारा ताडकन उठली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "अजून कुणाला?"

बोट वर! त्याचं त्यालाही कळलं नाही. पंचाने तलवार अडवली. लढत लोकांना आवडली होती. त्यांनी रुमाल हलवले आणि पोरगा वाचला.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी बांधून पंगतीला बसला, फुरंगटून.

"अब्रू घालवलीस माझी."

"घालवली. जेव."

त्याने वाटी चाटूनपुसून संपवली. हिलारा पातेलं घेऊन समोर उभी राहिली, पण रोजचा प्रश्न काही केल्या तोंडातून फुटेना. डोळेच वाहायला लागले.

दिझालाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि न विचारताच बोट वर केलं.